मीटर बंद आहे

एकेचाळीस हजार दोनशे सात.
काटा तिथंच बसलाय अकरा वर्षं.
केबल तुटली तेव्हा इलियासभाई म्हणाला होता,
"डॉक्टर, टाकून देऊ नवी?"
म्हटलं, राहू दे.
मीटरच्या केबलनं गाडी पळत नाही.

मी डॉक्टर नाही. लोक म्हणतात.
गाई-म्हशी भरवतो, पावती फाडतो.
नायट्रोजनचं भांडं दोन पायांमध्ये उभं राहतं,
म्हणून स्कूटर.
मोटरसायकलला तिथं जागाच नसते,
हे साळ्याला सांगून थकलो.
तो दर पोळ्याला पुरणपोळी खातो
आणि हप्त्यांचा कागद काढतो.

माझ्याकडे वही आहे.
प्लग: नवा नाही. पॉलिशपेपरचा तुकडा सीटखाली असतो.
क्लचची केबल: महिन्यातून एकदा तेल,
सलाईनच्या जुन्या नळीतून, थेंब थेंब,
अशक्त वासराला देतात तसं.
चाकं: पुढचं मागं, मागचं स्टेपनीला, स्टेपनी पुढं.
तिघं बरोबरीनं म्हातारे होतात,
एकट्यावर भार येत नाही.
ऑइल टोपणानं मोजून.
जास्त झालं तर धूर,
कमी झालं तर पिस्टन जाम,
आणि मग आर्णीपर्यंत ढकलत
सगळी बचत पायांनी फेडायची.

पहिल्या पानावर मात्र लाल शाईत,
वच्छलाच्या अक्षरात:
ब्रेकवर वाचवायचं नाही.
तिला एकदा उतारावर मागं बसवून नेलं होतं,
तेव्हाचं आहे ते.

माघात सायलेन्सर काढतो,
पऱ्हाटीच्या जाळावर ठेवतो.
आतली काजळी आधी फुसफुसते,
मग लाल होते,
मग ठोकलं की वर्षभराचा रस्ता
काळ्या खपल्या होऊन अंगणात पडतो.
कुंपणापलीकडून वामनराव विचारतात,
"काय भाजून राह्यले बाप्पा?"
"वांगे," मी म्हणतो.

गेल्या चैतात नाल्याच्या चढावर क्लच गेला.
तेल देऊनही गेला. वहीत तेही लिहिलंय.
तांड्यावरून शेवंता राठोडचा दोनदा फोन:
गाय सकाळपासून हंबरते, दिवस तर गेला.
माज काही आपल्यासाठी थांबत नाही.
मेंढरांमागच्या एका पोराला हाक मारली.
त्यानं ढकललं, मी धावलो,
गाडीनं वेग धरला तसा उडी मारून बसलो
आणि दुसरा गिअर आवळला.
खाडकन आवाज झाला,
भांडं हललं,
आणि गाडी निघाली.

आता थांबणं नव्हतं.
तीन गावं तशीच ओलांडली.
पारावरून चार जणांनी राम राम घातला,
मी मान हलवली, हात सोडता येईना.
लोक म्हणाले म्हणे,
डॉक्टरले गर्व चढला.

तांड्यात शिरताना इंजिन बंद केलं,
ब्रेक दाबला.
शेवंताच्या कडब्याच्या गंजीपासून वीतभर अलीकडे
गाडी उभी राहिली.
ब्रेक नवे होते.

दुसऱ्या दिवशी इलियासभाईनं हिशोब केला,
केबल एकशेवीस, मजुरी तीस.
"आन् गर्वाचे किती?" त्यानं विचारलं.
त्याच्यापर्यंतही पोचलं होतं.

पौषात शेवंतानं बरणीत चीक पाठवला,
झाकणाला फडकं बांधून.
कालवड झाली. कपाळावर चांद.

साळा अजून विचारतो,
भाऊजी, गाडी किती चालली असेल हो खरं?
मी वही मागच्या बाजूनं उघडतो.
तिथं वासरं आहेत, तारखेनिशी,
मेलेली धरून दोन हजार तीनशे अठरा.
तो म्हणतो, किलोमीटर विचारलं मी.

गाडी डावीकडे कलवतो,
चोक ओढतो.
काल दुसऱ्या किकला लागली होती.
आज चौथ्या.
थंडी असेल. नाहीतर जेट.
संध्याकाळी पाहू. आधी लिहून ठेवतो.